कोणी काय वाचलं

"ताई, हे मागाहून कुणाला दिसतं का?"

मी टेबलाखाली वाकून संगणकामागच्या वायरी बघत होते. डोकं वर काढलं तर फिकट जांभळ्या साडीतली, माझ्याच वयाची एक बाई खुर्चीतून वळून माझ्याकडे बघत होती.

"काय दिसतं का?"

"मी जे उघडलं ते. मी घरी गेले, नंतर दुसरं कुणी इथे बसलं आणि बघायचं म्हटलं, तर दिसेल का?"

"काम संपल्यावर पुसून कोण टाकतं?"

"खरमाटे बाई. प्रत्येकाचं झालं की येऊन पुसतात. पण तुम्ही पुण्याहून तपासायला आलात ना, म्हणून विचारलं. खरंच पुसलं जातं का? की नुसतं आम्हाला बरं वाटावं म्हणून?"

शेजारचा संगणक रिकामा होता. सकाळपासून त्यावर दोघी-तिघी बसून गेल्याचं मी पाहिलं होतं. मी तो उघडला आणि जिथे जिथे खुणा राहतात तिथे शोधलं. काही सापडलं नाही.

"या संगणकावर तरी काही राहत नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. ती काय भरत होती ते मी बघितलं नाही. बघायचं मनात आलं होतं, हे खरं आहे.

कुंभेरीच्या सार्वजनिक वाचनालयातली ही गोष्ट. मी तेव्हा पुण्यातल्या एका खासगी कंपनीत होते. संस्थांचे संगणक कितपत सुरक्षित आहेत आणि त्यांचा कारभार नियमांप्रमाणे चालतो की नाही, हे तपासून अहवाल देणं हे आमचं काम. त्या वर्षी एका जिल्ह्यातल्या वाचनालयांचं काम आलं. गावोगावच्या वाचनालयांत लोकांसाठी संगणक ठेवले गेले होते, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यातल्या दोन वाचनालयांची तुलना करायची, जे सरस ठरेल त्याची पद्धत बाकी सगळ्यांना लावायची, असं ठरलं होतं. एक रायघाटचं, दुसरं कुंभेरीचं. मी माझी तपासणीची यादी घेऊन निघाले. यादी आमच्या कंपनीनेच केलेली होती. प्रत्येक मुद्द्यापुढे गुण.

रायघाट आधी झालं. तिथले ग्रंथपाल उपळेकर सर दारातच उभे होते. मी नाव सांगितलं, "रेहाना मुजावर." त्यांनी आधी माझं ओळखपत्र मागितलं, त्यावरचा फोटो आणि माझा चेहरा ताडून बघितला, मगच आत घेतलं. मला ते आवडलं. आत सगळं चोख. नवे संगणक, विकत घेतलेली सॉफ्टवेअर, पुस्तकांच्या यादीची एक प्रत दर आठवड्याला दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात. येणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची झेरॉक्स, कधी आला, कधी गेला, कोणकोणती पानं उघडली, काय छापून नेलं, सगळं काउंटरवरच्या संगणकात जमा होत होतं.

"इतकं सगळं?" मी विचारलं.

"नियमात आहे," सर म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा ज्याची ओळख, त्याचं राज्य होतं. एखाद्याला पुस्तक महिना-महिना, दुसऱ्याला आठ दिवसांत दंड. मी सगळं लिहून काढलं. लिहिलं की माणूस कोण आहे ते बघावं लागत नाही."

त्यांच्या बोलण्यात मोठेपणा नव्हता. अनेक वर्षं भांडून मिळवलेली गोष्ट दाखवावी तसं ते दाखवत होते. संगणकाच्या खोलीत दोन-चार कॉलेजची मुलं होती, बाकी खुर्च्या मोकळ्या.

"मुली, बायका येत नाहीत?"

"आपल्याकडे बायकांना अजून सवय नाही," ते म्हणाले.

मी जवळजवळ पैकीच्या पैकी गुण देऊन कुंभेरीची एसटी धरली.

कुंभेरीचं वाचनालय खरेदी-विक्री संघाच्या गोदामावर, पहिल्या मजल्यावर होतं. जिना चढतानाच खालच्या पेंडीचा वास यायचा. ग्रंथपाल इंदुमती खरमाटे बाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. संगणक जुने, सगळ्यांचा पासवर्ड एकच, आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला. वाचकांचे पेनड्राइव्ह थेट काउंटरच्या संगणकाला लागत होते. पुस्तकांची सगळी यादी त्याच संगणकात, दुसरी प्रत कुठेच नाही.

"हा बंद पडला तर?" मी विचारलं.

"मग मी आहे, कपाटं आहेत आणि नवी यादी," बाई हसून म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. मी एकामागून एक गुण कापत गेले. पण एक गोष्ट मला खटकत राहिली. खोली भरलेली होती. जवळपास सगळ्या मुली आणि बायका. कुणी लेकराला मांडीवर घेऊन टाईप करत होती, कुणी जिन्यात नंबर लावून बसली होती.

"वापराची नोंद दाखवा," मी म्हटलं.

बाईंनी वही पुढे केली. नाव आणि वेळ, बस्स.

"कोणी काय बघितलं, ते?"

"ते नाही ठेवत. पुस्तक परत यायला लागतं म्हणून कोणी नेलं ते लिहिते. हे काय परत यायचंय?"

"यादीत आहे, बाई."

"असेल," त्या म्हणाल्या आणि एका मुलीला प्रिंट काढून द्यायला उठल्या. मी त्या मुद्द्यापुढे शून्य लिहिलं.

जांभळ्या साडीतल्या बाईशी माझं बोलणं झालं ते त्याच दिवशी, त्यानंतर थोड्या वेळाने. ती गेली, आणि दुपारचा चहा आला तेव्हा जिन्यावर काठीचा आवाज आला. वाचनालयाचे उपाध्यक्ष शेडगे नाना. सगळी खोली त्यांना पाहून जराशी सावरून बसली. बाईंनी ओळख करून दिली. बालविभागातलं अर्धं कपाट नानांनी दिलेलं होतं, मुलाच्या नावाने. मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, हे कपाटावरच्या पाटीवरूनच मला कळलं.

नाना खुर्चीत बसले, चहा अर्धा प्यायले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आमची सून येते इथे. सारिका. आजही येऊन गेली. ती काय बघते, ते जरा काढून द्या."

"ते निघत नाही, नाना."

"संगणकात सगळं राहतं म्हणतात."

"मी ठेवत नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तपासणीला आलात. हे नियमात बसतं का?"

माझा कागद टेबलावर उघडाच होता. मी तो उचलेपर्यंत त्यांनी चष्मा लावून मुद्दा वाचला, पुढचं शून्य वाचलं. ते रागावले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात बोलले.

"बघा बाई, मॅडमनी पण शून्यच दिलंय. म्हणजे मी काही वावगं मागत नाही. रविवारी बैठक आहे. ठराव करून टाकू, इथून पुढे सगळी नोंद ठेवायची. रायघाटचे उपळेकर सर यात वाकबगार आहेत, त्यांना मी बोलावून घेतो. मॅडम, तुम्ही पण थांबा रविवारपर्यंत. तुमच्या देखत होऊ दे."

ते काठी टेकत उतरून गेले. जांभळी साडी कोणाची होती, ते मला विचारावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी मला लॉजवर जेवू दिलं नाही. घरी नेलं. भाकरी, पावट्याची आमटी, वर कच्चा कांदा. त्यांचे यजमान आमच्याबरोबर जेवून शेजारी भजनाला गेले. मी पाटावर भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसले होते.

"तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "यादीत होतं, ते तुम्ही लिहिलं."

"सारिका काय करते आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. मी विचारत नाही. अर्जाची सोमवारी मुदत आहे, एवढं तिच्या तोंडून निघालं होतं. अर्ज कसला, ते तिने सांगितलं नाही."

"मग तुम्ही नानांना ठाम नाही म्हणा ना. ठेवणार नाही म्हणा."

बाईंनी माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. "कशाच्या जोरावर म्हणू? ते उपाध्यक्ष, मी पगारी. आज म्हटलं मी नाही. मला जमलं, कारण नानांचा स्वभाव बरा आहे. उद्या दुसरा कुणी आला, आवाज चढवला, तर? लेखी काय आहे माझ्याकडे? मी पुसते ती माझी सवय आहे, रेहाना. मी नसले की सवय पण गेली."

मला उपळेकर सर आठवले. लिहिलं की माणूस कोण आहे ते बघावं लागत नाही. मला पहिल्यांदाच वाटलं, की या दोघांपैकी कुणा एकाला जास्त गुण देणं म्हणजे अर्धवट काम आहे. बाईंकडे होतं ते सरांकडे नव्हतं, आणि सरांकडे होतं त्यावाचून बाईंचं टिकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सारिका आली नाही. बैठकीची बातमी गावात फिरली असावी, कारण पुढच्या दिवशी जिन्यातली रांगही दिसेना. ज्या आल्या त्यांनी आल्या आल्या बाईंना हळूच काहीतरी विचारलं आणि लगेच परत गेल्या. मी पुण्याला आमच्या साहेबांना, बर्वे सरांना, फोन लावला. यादीतला तो मुद्दा काढायला हवा, असं सांगितलं.

"मुजावर, आपण नियम तपासतो. करत नाही," ते म्हणाले. "रायघाट वर, कुंभेरी खाली. असंच आहे ना? मग असंच लिहा. तिथे अडकून बसू नका."

मग मी उपळेकर सरांना फोन केला. नानांचं निमंत्रण त्यांना पोचलं होतं. ते खुशीत होते, फाईल घेऊन येतो म्हणाले.

"सर, एक विचारू? तुमच्याकडे जी नोंद राहते, ती कोण कोण बघू शकतं?"

"मी. आणि पदाधिकारी, मागितली तर."

"कुणी मागितली आहे का?"

"मागतात कधी कधी. संस्था त्यांची आहे."

"कशासाठी मागतात?"

"ते मी विचारत नाही. तो माझा अधिकार नाही."

"सर, तुमच्याकडे बायका का येत नसतील?"

"मी सांगितलं तुम्हाला. सवय नाही."

"कुंभेरी रायघाटपासून तासाभरावर आहे, सर. इथे त्यांना सवय आहे."

सर कोरड्या आवाजात म्हणाले, "तुम्ही मला पूर्ण गुण दिलेत, मुजावर मॅडम. आता हे काय आहे?" आणि फोन ठेवला.

मी दुखावलं त्यांना, आणि काम बिघडवून ठेवलं, असं मला वाटत राहिलं.

रविवारी सर ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. इस्त्रीचा बुशशर्ट, काखेत जाड फाईल. माझ्या नमस्काराला त्यांनी नुसती मान हलवली. बैठक आतल्या हॉलमध्ये होती, संगणकाची खोली नेहमीप्रमाणे उघडी होती. तिथे त्या दिवशी तिघीच होत्या. कोपऱ्यात सारिका. मुदत जवळ आल्यामुळे तिला येणं भाग पडलं असावं. ती दाराकडे पाठ करून टाईप करत होती.

सर दारात उभे राहून खोली बघत होते. जुने संगणक, कॅलेंडर, त्यावरचा पासवर्ड. त्यांच्या कपाळावर आठी पडलेली मला दिसली. मग त्यांची नजर खिडकीपाशी बसलेल्या मुलीवर गेली आणि तिथेच राहिली.

"तू आपल्या गुरवांची ना? देवळाजवळच्या?"

मुलगी दचकून उभी राहिली. "हो सर."

"आपल्या वाचनालयाची सभासद आहेस तू. पुस्तकं नेतेस."

"हो सर."

"मग इथे काय करतेस? आपल्याकडे मशीन नवीन आहेत. जागा असते. एसटीने इतक्या लांब कशाला?"

मुलीने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यावं की नाही, याचा विचार करत होती.

"तिकडे काय काय बघितलं ते सगळं राहतं, सर," ती शेवटी म्हणाली. "मी काही वाईट बघत नाही. डॉक्टरांनी मला एक आजार सांगितलाय, त्याची माहिती वाचते. पण समितीत माझे चुलते आहेत. त्यांना कळलं की घरभर होईल, मग माझ्या लग्नाचं..." ती थांबली. "फक्त मीच नाही सर. आमच्या गल्लीतल्या दोघी येतात इकडे."

सरांनी तिला बस म्हणून हाताने खूण केली. मग जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसले, फाईल मांडीवर घेऊन. मी पाण्याचा पेला नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत.

"तिचा चुलता म्हणजे आमचे खजिनदार," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही.

बैठक सुरू झाली. सतरंजीवर सात-आठ माणसं, भिंतीला टेकून आम्ही. अध्यक्ष वयाने फार मोठे होते, ऐकायला कमी येत असल्याने कारभार नानाच चालवत. नानांनी मुद्दा मांडला. सगळं सुरक्षित राहावं, नियमाप्रमाणे व्हावं, आपलं वाचनालय मागे पडू नये. बोलणं नेटकं होतं. कुणालाही पटेल असं.

"मॅडमना विचारा," ते म्हणाले. "त्यांच्या यादीत हे आहे की नाही?"

सगळे माझ्याकडे वळले.

"आहे," मी म्हटलं. "मी त्याला शून्य दिलंय, हेही खरं आहे. पण त्या जागी यादीच चुकली आहे असं मला वाटतं. वाचनालय सुरक्षित म्हणजे संगणक सुरक्षित, पुस्तकांची यादी सुरक्षित, आणि येणारा माणूसही सुरक्षित. पहिल्या दोन्हीत कुंभेरी कमी पडतं. पासवर्ड भिंतीवर आहे, यादीची प्रत नाही. ते सुधारायलाच हवं. पण तिसऱ्यात कमी पडत नाही. मी तसं अहवालात लिहिणार आहे."

"तुमचे साहेब मान्य करतील?" कुणीतरी विचारलं.

"नाही करणार बहुतेक."

नानांनी हलकेच हसून मान वळवली. "उपळेकर सर, तुम्ही सांगा आता. तुमच्या पद्धतीने करायचं म्हणतोय आम्ही."

सरांनी फाईल उघडली. पानं उलटत एका ठिकाणी थांबले, आणि तो कागद क्लिपमधून सोडवून बाजूला ठेवला.

"माझी पद्धत हीच आहे," ते म्हणाले. "मीच लिहिली. पण एक कलम लिहायचं राहिलं. कोणती नोंद ठेवायची ते लिहिलं, कुणी बघायची नाही ते लिहिलं नाही. अर्धवट नियम आहे हा. मी रायघाटला पुढच्या बैठकीत बदलून घेणार आहे. तुम्ही करणारच असाल तर पुरा करा."

"म्हणजे कसा?" अध्यक्षांनी कानाला हात लावून विचारलं.

सर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत सांगू लागले. बाईंनी लिहून घेतलं. संगणकावर बसणाऱ्याचं नाव आणि वेळ तेवढी लिहायची. काय पाहिलं, काय वाचलं, ते साठवायचं नाही, काम संपताच पुसायचं. ग्रंथपालाने कोणत्याही वाचकाची माहिती सभासदाला, नातेवाइकाला, पदाधिकाऱ्याला द्यायची नाही. कायद्याने अधिकार असलेल्या यंत्रणेचा लेखी आदेश आला तर तो समितीपुढे ठेवायचा, तोंडी कुणाचंच ऐकायचं नाही. आणि हा नियम पाळल्याबद्दल ग्रंथपालावर कुणाला कारवाई करता येणार नाही.

शेवटच्या वाक्याला बाईंचं पेन थांबलं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर फाईलकडे बघत होते.

"पदाधिकाऱ्याला पण नाही?" नाना म्हणाले. आता त्यांचा आवाज समजुतीचा नव्हता. "मी या संस्थेला तीस वर्षं दिली. माझ्या घरातलं माणूस इथे येऊन काय करतं ते मला कळू नये? कुणासाठी चाललंय हे?"

नानांनी काठी बाजूला सतरंजीवर ठेवली.

"माझा मुलगा गेला," ते म्हणाले. "ओवी तेवढी राहिली, माझी नात. चार वर्षांची आहे. सून दिवस-दिवस इथे बसते, घरी आल्यावर चकार शब्द बोलत नाही. उद्या ती नातीला घेऊन कुठे निघून गेली, तर मला कळणार कधी? गाडीत बसल्यावर?"

सतरंजीवरची माणसं खाली बघू लागली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या मुलाला खांदा दिला असणार.

खरमाटे बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाना, तुम्ही तिला विचारलंत का?"

"तिला?"

"हो. सारिकाला. कुठे चाललीस, काय ठरवलंस, असं."

"भीती वाटते," नाना म्हणाले. "विचारलं आणि ती हो म्हणाली, तर काय करू?"

"तिलाही तुमची तीच भीती असेल," बाई म्हणाल्या. "मला ठाऊक नाही. मी कधी तिला काही विचारलं नाही. पण ती पलीकडच्या खोलीत आहे."

अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले. नानांनी वर केला नाही, विरोधातही केला नाही. मंजूर झाल्याचं बाईंनी लिहिलं, तेव्हा ते उठले आणि काठी न घेताच बाहेर गेले. मी काठी घेऊन त्यांच्या मागे निघाले, पण दारातच थांबले.

नाना संगणकाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. आत गेले नव्हते. सारिकाला पाठीमागे कुणीतरी आल्याचं जाणवलं असावं. ती वळली, आणि सासऱ्यांना पाहून ताडकन उभी राहिली. पडदा तिच्या मागे उजळलेला होता. पळायला, लपवायला काही उरलं नव्हतं.

"सारिका," नाना म्हणाले, "मी आत येऊ का? नको म्हणालीस तर इथेच थांबतो."

तिला ते कळायला वेळ लागला. तिने कधी ऐकलंच नसेल, सासऱ्यांनी आपल्याला परवानगी विचारलेली. मग तिने शेजारची खुर्ची ओढली, पदराने पुसली आणि म्हणाली, "या मामा. बसा."

ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी काठी दाराला टेकवली आणि मागे फिरले. एवढं मात्र दिसलं, की जरा वेळाने नाना चष्मा लावून पडद्याच्या अगदी जवळ गेले होते, आणि सारिका बोटाने एकेक ओळ दाखवत होती.

बर्वे सरांनी माझा अहवाल परत पाठवला. मी दुरुस्ती न करता तोच पुन्हा दिला. त्यांनी स्वतःची सही करून मूळ यादीप्रमाणे एक वेगळा अहवाल पाठवला, आणि माझ्याकडची पुढची कामं हळूहळू दुसऱ्यांना गेली. वर्षभरात मी ती नोकरी सोडली. पण त्यांच्या अहवालाप्रमाणे रायघाटची पद्धत सगळीकडे लावायची ठरली, तेव्हा रायघाटने नवीन पद्धत पाठवली. उपळेकर सरांनी बैठकीत खजिनदारांशी भांडून ती मंजूर करून घेतली होती. त्यांनी मला फोन करून तेवढंच सांगितलं. "कलम पुरं केलं, मुजावर मॅडम," म्हणाले, आणि मागच्यासारखाच फोन ठेवला. जिल्ह्यातल्या वाचनालयांत ती अजून चालते. कुंभेरीच्या पुस्तकांच्या यादीची प्रत आता रायघाटच्या कपाटात असते, आणि सर स्वतः दर महिन्याला एसटीने येऊन ती घेऊन जातात. पासवर्ड कॅलेंडरवरून खोडायला लावला, तो त्यांनीच.

सारिकाचा अर्ज परिचारिकेच्या शिक्षणाचा होता. मिरजेला प्रवेश मिळाला. ओवीला कुंभेरीला ठेवून जायचं की बरोबर न्यायचं, यावर घरात महिनाभर वाद झाला, असं बाईंकडून कळलं. शेवटी ओवी आजोबांकडे राहिली, आणि सारिका दर पंधरवड्याला येऊ लागली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. नानांना पहिलं वर्ष फार जड गेलं.

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला मी गेले होते. हॉलमध्ये मला नाना दिसले नाहीत, म्हणून विचारलं. बाईंनी संगणकाच्या खोलीकडे बोट केलं. दार ओढून घेतलेलं होतं.

"सूनबाईचा फोन यायची वेळ आहे," त्या म्हणाल्या. "घरी म्हणे नेट चालत नाही. ओवीही असते. पडद्यावर तिघं बोलतात. कधी भांडतात, कधी हसतात. तेवढा वेळ मी तिकडे कुणाला जाऊ देत नाही."